बुडीच्या पदरातला गूळ

सानगडीच्या बाजारातला मडकीवाला आमच्या बुडीला लांबून पाहिलं की तोंड फिरवायचा. बाकीच्या बाया एखाददुसरं मडकं वाजवून घेतात. ही मांडलेलं सगळं वाजवायची. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायची, बाजूला ठेवायची आणि शेवटी पहिलंच उचलायची. तो कुरकुरायचा की बाई, हेच तर मी आधी तुमच्या हातात दिलं होतं. ही म्हणायची, "तू देल्लं होतं. आता मी घेऊन राहिली."

ती माझी बायको. नाव भागरता. नावानं मी कधी हाक मारली नाही. आधी 'अवं' म्हणायचो, मग ती म्हातारी झाली आणि सारं गाव बुडी म्हणू लागलं तसा मीही म्हणू लागलो. दिवाळी झाली होती, धान कापून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पडलं होतं, तेव्हा ती गेली. छातीत कळ आली, साकोलीला नेईपर्यंत संपलं. त्यानंतर मी एक मडकं आणलं. न वाजवता आणलं. झिरपते. बदलायला नेलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहिण्यात चूक असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावी. लिहायचं कारण सांगतो. तेरवीच्या जेवणावर एक पाहुणा भात कालवता कालवता म्हणाला, बाई लाखाची होती, पण नातीच्या डोक्याला करंट लावून आणला तेवढं वाईट केलं. मी त्याच्या पानात वरण वाढत होतो. वाढायचं थांबलो नाही. पण तिथंच ठरवलं की हे कागदावर यायला पाहिजे. ती तर गेली. आणि पल्लवीला, म्हणजे आमच्या नातीला, त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. ती परवा म्हणाली, "आजोबा, मले कोणी सांगत नाई बरोबर. तुमी लिहा." म्हणून.

आधी बुडी कशी होती ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एकोडीच्या आमच्या बाजूला रोवणा म्हणजे मोठं काम. धानाची रोपं उपटायची, त्यांच्या पेंड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत बायांनी ओळीनं वाकून एकेक रोप लावत जायचं. बुडी त्या बायांची म्होरकी होती. आवाज चढवायची नाही. कोणी मागं राहिली तर तिच्या ओळीतली चार रोपं आपणच लावून टाकायची आणि म्हणायची, "तुह्या सासूले सांगजो, आज मी तुह्याच घरची सून होती." ती बाई मग दिवसभर मागं राहत नसे.

तिचा एक रिवाज होता. रोवण्याच्या पहिल्या दिवशी चिखलात पाय टाकायच्या आधी ती प्रत्येक बाईच्या तोंडात गुळाचा खडा ठेवायची. हातात द्यायची नाही, सरळ तोंडात. हातात दिला की बाया पदराला बांधून घरी लेकरासाठी नेतात, हे तिला ठाऊक होतं, कारण तिनंही तेच केलं होतं. "लेकराचं लेकराले मिळन. हा तुह्या कमरेसाठी हाय," म्हणायची. पुढं पुढं तिच्या पदराच्या गाठीत बारा महिने गूळ राहू लागला. घरातून कोणी मोठ्या कामाला निघालं की हिचा हात आपोआप गाठीकडे जायचा. पोरगा टिप्परचं लायसन काढायला गेला तेव्हा त्याच्या तोंडात गूळ. पल्लवी दहावीच्या पेपराला निघाली तेव्हा तिच्या तोंडात गूळ. विचारायची नाही. तोंड उघड म्हणायची नाही. बोट ओठाशी आलं की तोंड उघडायचं, हे घरात सर्वांना माहीत होतं.

दुसरी गोष्ट तिचं बोलणं. कुठलीही गोष्ट तिच्यापुढे आणली की ती म्हणायची, "पाहीन, मंग बोलीन." पोराला मुलगी सांगून आली, तर ही चिखल्याकडच्या तिच्या गावात गेली, कोणाची कोण ते न सांगता रोवण्याच्या ओळीत त्या मुलीच्या शेजारी उभी राहिली आणि दिवसभर तिच्याबरोबर रोपं लावून आली. घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाली, "चालन. कमी बोलते, पण रोप सरळ लावते." ती सुनीता, आमची सून. लग्नाच्या दिवशी सुनीतानं तिला ओळखलं आणि मांडवातच हसू फुटलं तिला.

पल्लवी अकरावीत होती. त्या दिवाळीनंतर ती आधी मुकाट झाली. मग एका सकाळी चुलीशी हातात झाकण घेऊन उभी राहिली ती राहिलीच. दूध उतू गेलं, विस्तव विझला, पोरगी उभीच. झाकण काढून घेतलं तरी हात तसाच वर. आपण खाली करावा तेव्हा खाली. बसवली तर बसायची, उठवली तर उठायची, डोळे उघडे, पण आत कोणी नाही असे. खाणं सुटलं. पाणी तोंडात घातलं तर ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. बुडी पेजेची वाटी घेऊन तिच्यापुढे बसायची आणि वाटी थंड होऊन साय धरेपर्यंत बसून राहायची.

गावात लोक बोलले की बाहेरचं आहे. बुडीनं नाही म्हटलं नाही, तिचं ठरलेलंच बोलली. एक जाणता आणला. त्यानं लिंब फिरवला, राख लावली, घाम येईपर्यंत पुटपुटला. त्याचं झाल्यावर हिनं पेजेची वाटी त्याच्या हातात दिली. म्हणाली, आता दोन घास चारून दाखवा. त्यानं प्रयत्न केला, पोरीचे दात काही उघडले नाहीत. मग तो म्हणाला काळी कोंबडी लागेल. बुडी म्हणाली, "कोंबडी तुमी खासान. पोट्टीच्या पोटात काय जाईन?" आणि त्याला दारापर्यंत सोडून आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला गेलो आणि तिथून नागपूरला मोठ्या दवाखान्यात. पोरीच्या नाकात नळी घातली, तिच्यातून दूध आणि पाणी जाऊ लागलं. एक इंजेक्शन दिलं की थोडा वेळ कुलूप निघाल्यासारखं व्हायचं. एकदा त्या वेळात ती आजीकडे पाहून 'पाणी' म्हणाली. पण परत लागलं कुलूप. औषधं बदलली. पोरगी वाळत चालली. मनगट माझ्या दोन बोटांत मावू लागलं.

तिथली डॉक्टरीणबाई बारीक चणीची होती, बोलायला सरळ. ती म्हणाली, आता शॉकचा उपाय करावा असं आम्हाला वाटते. पूर्ण झोपवून, अंग सैल करायचं औषध देऊन, डोक्याला काही सेकंद करंट द्यायचा. या आजारात त्याचा गुण चांगला येतो.

करंट शब्द ऐकला आणि सुनीता उठून बाहेर गेली. तिनं फोन केला तिच्या मोठ्या भावाला, मंगेशला. तो चिखल्याच्या खाणीत लाईटचं काम करतो. पोरीवर त्याचा जीव. तो संध्याकाळच्या गाडीनं आला, पोरीच्या पायाशी बसला आणि रडला. त्यानं आपल्या डोळ्यांनी तारेला चिकटून माणूस गेलेला पाहिला होता, सोबत डबा खाणारा माणूस. त्याचं भेणं खोटं नव्हतं, हे मी लिहून ठेवतो.

"मी रोज करंटसोबत राह्यतो माय," तो बुडीला म्हणाला. "तो कोणाचा होत नाई. पोरीच्या डोक्याले मी लावू देणार नाई."

बुडी म्हणाली, "पाहीन, मंग बोलीन."

आणि ती डॉक्टरीणबाईकडे गेली की ती पेटी दाखवा. बाईला वाटलं गंमत करते आहे. ही तिथंच उभी राहिली. शेवटी बाई आम्हा दोघांना त्या खोलीत घेऊन गेली. एक खाट, तोंडावर धरायची हवेची पिशवी, दातात ठेवायचा रबर आणि टेबलावर ती पेटी. बुडीनं पेटीला बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून हसली. पण मग बुडीनं विचारायला सुरुवात केली तेव्हा ती हसली नाही. पोरीला समजेल का. नाही, ती झोपेत असेल. चामडी जळेल का. नाही. झोपेतून उठली नाही तर? बाई म्हणाली, तो धोका फार कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही. आणि काय जाईल? बाई म्हणाली, आठवण. आजाराच्या आसपासचं काही विसरेल. थोडं परत येईल, थोडं येणार नाही. आणि नाहीच केलं तर? बाईनं पोरीच्या मनगटाबद्दल सांगितलं, रक्ताबद्दल सांगितलं, एकाच जागी पडून पायात गाठी होतात त्याबद्दल सांगितलं.

बाहेर येऊन बुडी मला म्हणाली, "वाजवून पाह्यली बाईले. फुटकी नाई."

पण एवढ्यानं होत नव्हतं. पोरगी अठराच्या आतली, म्हणून कायद्यानं आईबापांची सही पाहिजे आणि वर सरकारी मंडळाची परवानगी पाहिजे. पोरगा टिप्पर सोडून आला, सही केली आणि जिन्यात जाऊन बसला. सुनीतानं पेन हातात घेतला आणि भावाकडे पाहत राहिली. बुडीनं तिला घाई केली नाही. फक्त म्हणाली की तू ज्या दिवशी माह्याजवळ उभी राहून रोपं लावली, त्या दिवशी मी तुले पाह्यलं, तुह्या भावाचं तोंड नाई पाह्यलं. सुनीतानं सही केली.

मंडळाच्या माणसांनी डॉक्टरांना विचारलं, आईबापांना विचारलं. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी आजीला काही बोलायचं आहे का म्हणून विचारलं. बुडी उभी राहिली. "ते मरून राह्यली साहेब. दवाखान्यात हाय, नाकात नळी हाय, तरी मरून राह्यली. मी पेटी पाह्यली, खोली पाह्यली. आता मी हो म्हणून राह्यली." आणि खाली बसली. परवानगी आली.

आता जे झालं ते नीट वाचा, कारण गावात याचंच वाकडं करून सांगतात.

ठरलेल्या दिवशी पोरगी उपाशी पाहिजे होती. नळीतलं दूधही बंद. भूल दिल्यावर पोटातलं किंवा घशातलं काही श्वासाच्या नळीत गेलं तर जीव जाऊ शकतो, असं सिस्टरनं दहा वेळा बजावलं होतं. बुडी खाटेला अशी खेटून बसली की चहावाल्यालाही तिनं त्या बाजूनं जाऊ दिलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं प्रेमानं बिस्कीट पुढे केलं तर हिनं तिच्याकडे असं पाहिलं की ते बिस्कीट परत पुड्यात गेलं.

सकाळी चाकाची खाट आली. सुनीता आणि मंगेश दाराशी होते. पोरीला उचलून त्या खाटेवर ठेवलं. आणि बुडीचा हात पदराच्या गाठीकडे गेला.

मी पाहत होतो. तिनं ठरवून केलं नाही. मोठ्या कामाला निघालेलं घरचं लेकरू, एवढंच त्या हाताला समजलं. बोट पोरीच्या ओठाशी गेलं. आणि पोरीचं तोंड उघडलं. पेजेला नाही उघडलं, पाण्याला नाही उघडलं, त्या जाणत्याला नाही उघडलं. आजीच्या बोटाला उघडलं. गूळ आत गेला. गळा हलला.

बुडीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आधी जे आलं ते हसू होतं. दुसऱ्या क्षणाला तिला समजलं.

बाकी कोणी पाहिलं नव्हतं. तिनं धावत जाऊन सिस्टरचा हात धरला आणि सांगितलं. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी पोरीच्या तोंडात बोट घालून उरलेला खडा काढला आणि म्हणाले, आज नाही. एक दिवस सोडून. चाकाची खाट रिकामी परत गेली.

मंगेश म्हणाला, "बोल्लो होतो ना मी? देवानं रोकलं. सुनीता, उचल पोरीले. घरी जाऊ."

सुनीतानं खरंच पोरीच्या पाठीखाली हात घातला. मला वाटलं, गेलं सगळं. बुडी खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. रोवण्यात उभी राहायची तशी, पाय फाकवून.

"देवाचं नाव कायले घेतो बाबू? देवानं नाई रोकलं. या हातानं रोकलं." तिनं उजवा हात पुढे धरला. "चूक माह्या हाताची हाय. ना दवाखान्याची, ना पेटीची. माह्या चुकीपायी पोट्टी मरन काय? ते इथंच राहीन."

 सुनीतानं पोरीच्या पाठीखालचा हात काढला आणि तिची चादर सारखी केली. एवढंच. पण ते झालं आणि मंगेश खाली बसला.

एक दिवस सोडून परत खाट आली तेव्हा बुडीनं पदराची गाठ सोडली, सगळा गूळ काढला आणि मंगेशच्या तळहातावर ठेवला. "हे तू धर. माह्या हाताचा भरवसा नाई. पोट्टी बाहेर आली अन् सिस्टर हो म्हणली, का तूच दे." ज्यानं अडवलं त्याच्याच हातात दिला. खाणीतला तो दांडगा माणूस गुळाची मूठ आवळून त्या दाराबाहेर उभा राहिला. हलला नाही.

पोरीला बाहेर आणलं तेव्हा ती झोपेत होती. मंगेशनं तिच्या कानशिलावर अंगठा फिरवला. जळलेलं शोधत होता. दवाखान्याचं काही चिकट मलम लागलं, पुसलं, खाली चामडी जशीची तशी. त्या दिवशी काही बदल झाला नाही. पुढच्या खेपेनंतर पोरीनं मान वळवली. त्याच्या पुढच्या खेपेला बुडीनं तिचा हात वर केला तर तो हळूहळू आपणच खाली आला. बुडीनं तो परत वर केला, परत खाली आला. तिसऱ्यांदा करायला गेली तर सुनीता म्हणाली, "आई, पुरे आता, खेळणं हाय का ते?"

दरवेळी मंगेश तशीच गुळाची मूठ आवळून उभा. चिखल्याहून रजा टाकून यायचा. दरवेळी सिस्टरला विचारायचा, आता देऊ का? ती म्हणायची, थांबा, गिळता आलं पाहिजे. एका दुपारी पल्लवी उशीला टेकून बसली होती, तिनं मामाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, तुह्या हाताले मुंग्या लागल्या."

खरंच लागल्या होत्या. गूळ विरघळून त्याच्या बोटांच्या सांदीत गेला होता आणि मुंग्या मनगटापर्यंत चढल्या होत्या. त्याला पत्ता नव्हता. सिस्टर म्हणाली, द्या. तर द्यायला खडाच उरला नव्हता. त्यानं बोट तिच्या ओठाला लावलं. पोरीनं चाटलं आणि म्हणाली, "खारट हाय."

बुडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ हलत होती. मी पाण्याचा लोटा पुढे केला तर तिनं मागं न पाहता घेतला.

पोरगी घरी आली. सगळं चांगलं झालं असं मी लिहिणार नाही. गोळ्या आहेत, दर महिन्याला दाखवायला जावं लागते. बुडी तिला गोळी देऊन समोर उभी राहायची, "जीभ वर कर" म्हणायची, आणि पोरगी चिडायची. काही दिवस उगाच रडायची. एक वर्ष मागं पडली, आता बारावीला आहे. गावात पोरी मागून बोलतात. ती वळून पाहते, मग त्या गप्प होतात. तो वळायचा ढंग आजीचा आहे.

आणि आठवण गेली ती गेली. दवाखाना आठवत नाही ते बरं. पण त्याच्या आधीच्या रोवण्यात ती पहिल्यांदा आजीच्या शेजारी ओळीत उभी राहिली होती, पहिला खडा तिला मिळाला होता, बायांनी तिच्या तोंडाला चिखल लावून चिडवलं होतं. ते सगळं पुसलं गेलं. बाया आठवण काढून हसायच्या आणि ही कोऱ्या तोंडानं पाहायची. सुनीताला ते सहन व्हायचं नाही. बुडी म्हणाली, "इसरली त काय झालं? चिखल हाय तिथंच हाय. पुन्हा दाखवीन."

मागच्या रोवण्यात तिनं दाखवलं. तेच शेवटचं धरून आहे मी. त्यानंतरही ती महिनोन्‌महिने घरात होती, भांडली, जेवली, आजारी पडली. पण डोळे मिटले की तेच दिसते.

सकाळ होती. मी धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, पेंड्या घेऊन उभा होतो, बायांकडे फेकायला. बुडी ओळीपुढून चालत आली आणि एकेकीच्या तोंडात गूळ ठेवत गेली, नेहमीसारखी, न विचारता. शेवटी पल्लवी. हात वर गेला आणि ओठापाशी थांबला. इतक्या वर्षांत तो हात कोणापुढे थांबलेला मी पाहिला नव्हता.

"देऊ ना?" तिनं विचारलं.

पल्लवीला दवाखान्यातल्या त्या सकाळचं काही माहीत नव्हतं. आजी काहून विचारून राहिली, ते तिला कळलं नाही. ती म्हणाली, "दे ना वो आजी. बाया खोळंबल्या." आणि तिनं मोठा आ केला.

बुडीनं खडा ठेवला. बोट पदराला पुसलं. दोघी शेजारी शेजारी वाकल्या. रोवणारी बाई मागं मागं सरकत जाते, लावलेल्या रोपांकडे तोंड करून. मी पेंड्या फेकत होतो. त्या दोघी माझ्याकडे तोंड करून माझ्यापासून लांब जात होत्या, आणि आमच्या मधे हिरवं वाढत होतं.